पाठीमागची शीळ

एका राज्यात, जिथे डोंगर एकावर एक चढून बसले होते आणि रान थेट राजवाड्याच्या तटाला येऊन टेकलं होतं, तिथे कोणीही शिकारी कधी एकटा रानात जात नसे. जायचं तर दोघांनी. एक पुढला आणि एक पाठीराखा. पुढल्याने जमीन पाहायची: ठसा, मोडलेली काडी, गवताचा कल. पाठीराख्याने उरलेलं सगळं पाहायचं: झाडं, कडे, कपारी, आणि दोघांच्या पाठी. थोड्या थोड्या वेळाने पाठीराखा शीळ घाली. शीळ म्हणजे, मी आहे, मागे सगळं ठीक आहे. पुढला त्याच शिळेने उत्तर देई आणि मगच पाऊल उचली. दुपारी सूर्य डोक्यावर आला की दोघे जागा बदलत.

ही जोड रानदेवीच्या ठाण्यासमोर बांधली जाई. तिथेच दोघांनी आपली शीळ ठरवायची. ती जन्मात बदलायची नाही. आणि पुढल्याने चालताना मागे वळून पाहायचं नाही, कारण याहून मोठा अपमान त्या राज्यात दुसरा नव्हता. “वळून पाहिलंस? म्हणजे मी तिथे नसेन असं वाटलं तुला?” एवढ्या एका प्रश्नावर जिवाभावाच्या जोड्या मोडल्या होत्या.

त्या राज्याचा राजा वज्रसेन. त्याच्याजवळ सोनं फार होतं आणि विश्वास थोडा. त्याने सोनं रानातल्या एका गुहेत ठेवलं आणि विरूप नावाच्या मांत्रिकाला बोलावून म्हटलं, “कधी झोपणार नाही असा पहारेकरी दे.”

विरूपाने पहारेकरी केला. तो म्हणाला, “महाराज, याला अंग दिलेलं नाही, म्हणून याला कोणी मारणार नाही. तोंड दिलेलं नाही, म्हणून हा फितूर होणार नाही.”

“मग तो करील काय?”

“मागून येईल,” विरूप म्हणाला.

गुहेवरून उतरताना त्या पहारेकऱ्याने पहिलं नेलं ते विरूपालाच. त्यामुळे उतारा सांगणारं कोणी उरलं नाही. पहारेकरी गुहेपाशी थांबलाही नाही. साऱ्या रानात तो फिरू लागला. लोक त्याला मागला म्हणत. मागला पाठीराख्याला पाठीमागून उचली, आवाज न करता, आणि त्याची शीळ तेवढी ठेवून घेई. मग ती शीळ घालत तो पुढल्याच्या मागून चालत राही. पुढला वळून पाहत नसे. तशी रीतच नव्हती.

केरोबा आणि हिरोजी हे सख्खे भाऊ आणि रानातली जोड. केरोबा थोरला. एके दिवशी दुपारी त्यांनी जागा बदलल्या. हिरोजी मागे गेला, केरोबा पुढे झाला. संध्याकाळपर्यंत शीळ येत होती. केरोबा उत्तर देत होता, मधूनच बोलतही होता. घराचं छप्पर शाकारायचं राहिलं होतं, त्याबद्दल बोलला. हिरोजीची बायको सगुणा माहेरी जायचं म्हणत होती, तिला पोचवायला कोणी जायचं, तेही विचारलं. रानाच्या कडेला येऊन तो दगडावर बसला आणि म्हणाला, “ये, टेक जरा.”

मागे कोणी नव्हतं.

तो आल्या वाटेने पळत गेला. दुपारी जागा बदलल्या होत्या तिथून जेमतेम हाकेच्या अंतरावर हिरोजीच्या वहाणा पडल्या होत्या. एकीला एक लावून, दारात काढून ठेवाव्यात तशा.

देह मिळाला नाही. पुजारी दहावा करीनात. म्हणाले, “संध्याकाळी रानातून त्याची शीळ येते. ज्याची शीळ येते त्याला मेला कसं म्हणायचं?” सगुणेने कुंकू लावलं तर बायका बघत राहत, आणि पुसायला हात नेला की रानातून शीळ ऐकू येई. वहाणा तिने उंबऱ्याच्या आत ठेवल्या. केरोबाने शिकार सोडली. तो कोणाशी फारसा बोलेनासा झाला. रान ओस पडलं. मध नाही, लाकूड नाही, हरणाचं मांस नाही. घरोघरी चुली अर्धपोटी जळू लागल्या. आणि मग एके दिवशी राजवाड्याच्या दिंडीदरवाजात एका पहारेकऱ्याच्या मागून दुसऱ्याची शीळ आली आणि दुसरा सापडला नाही.

तेव्हा राजाने दवंडी पिटवली: मागल्याला जो संपवील त्याला मागेल ते बक्षीस. केरोबा दरबारात गेला. राजा सिंहासन ओढून भिंतीला पाठ लावून बसला होता, आणि भिंतीच्या पलीकडे चार भालाईत उभे होते.

“काय पाहिजे?” राजाने विचारलं.

“रानात जायची परवानगी. आणि जोडीदार माझ्या पसंतीचा.”

“बक्षीस?”

“भावाचा दहावा, महाराज. आणखी काही नको.”

राजाने नजर खाली वळवली. मग म्हणाला, “जा.”

जोडीदार मिळणं सोपं नव्हतं. केरोबाने गावाबाहेरच्या माळावर, बाभळीच्या दाट फांदीत बिबट्याचं जुनं कातडं टांगून ठेवलं, आणि येईल त्याला म्हणाला, “मी पुढे चालतो. तू पाठ राख.”

पहिला आला धारोजी. भाल्याने उडता पक्षी पाडणारा. माळ संपेपर्यंत त्याची शीळ एकदाही चुकली नाही. केरोबाने विचारलं, “बाभळीत काय होतं?”

“बाभळीत? माझी नजर पुढे होती. सावज पुढे असतं की बाभळीत?”

“तुझा भाला चांगला आहे,” केरोबा म्हणाला. “तो घेऊन पुढे चालणारा कोणी शोध.”

दुसरा आला निंबाजी. तो भल्या मनाचा होता, पण भित्रा. शीळ घाली तीही केरोबाच्या मानेवर. केरोबा म्हणाला, “निंबाजी, तुझ्या श्वासाने माझा कान ओला झाला. मागे राहायचं असतं, अंगावर नाही.”

“मागे राहिलं की भीती वाटते,” निंबाजी म्हणाला.

“ती वाटायचीच. घरी जा. मुलाबाळांत राहा.”

तिसरी आली ती सगुणा. दिरासमोर कधी तोंड न उघडलेली बाई. पदर कपाळापर्यंत ओढून, कमरेला कोयता खोचून ती उभी राहिली. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, “केरोबा, आता भावजयीच्या आडोशाने शिकार करणार का?”

केरोबा म्हणाला, “तिला येत नसेल तर ती परत जाईल. तुम्ही तर निघालाही नाहीत.” आणि पुढे चालू लागला.

सगुणेची शीळ वाईट होती. फुंकणीतून चूल फुंकावी तशी, आधी नुसता वारा आणि मग आवाज. बाभळीपाशी तर शीळ आलीच नाही. केरोबा थांबला. त्याने वळून पाहिलं नाही. मग शीळ आली.

माळाच्या टोकाला त्याने विचारलं, “उशीर का झाला?”

“फांदीत बिबट्या दिसला, भावजी. जिवंत की मेलेला ते कळेना. ते कळल्याशिवाय सगळं ठीक आहे असं तुम्हाला कसं सांगू?”

केरोबा खाली बसला. तो गवताची एक काडी बोटाला गुंडाळत राहिला.

“काय झालं?” सगुणेने विचारलं.

“हिरोजीची शीळही उशिराच यायची. मी चिडायचो. म्हणायचो, काय झोपलास का? तो म्हणायचा, दादा, बघत होतो.” काडी तुटली. “त्या दुपारनंतर शीळ एकदाही उशिरा आली नाही. मला वाटलं, आज गडी शहाण्यासारखा चाललाय.”

सगुणेने पदर सारखा केला. मग म्हणाली, “मी रोज संध्याकाळी ओढ्याच्या अंगाने रानाच्या कडेला जाते. ती ऐकायला. तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

“मी डोंगराच्या अंगाने जातो,” केरोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रानदेवीसमोर जोड बांधली. पुजाऱ्याने विचारलं, “शीळ कोणती?” सगुणा म्हणाली, “दर थांब्याला नवी.” पुजारी म्हणाला, “असं कधी झालेलं नाही.” सगुणा म्हणाली, “मागल्याला जुन्या सगळ्या येतात, महाराज.” पुजाऱ्याने अंगारा दिला.

रानाच्या तोंडाशी कोरडी नदी होती. तिच्या गोट्यांत एक टिटवी अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, “तुम्ही मागल्याला मारायला निघालात. मला ठाऊक आहे तो कशाने मरतो. पण मला तहान लागली आहे. मी येईतो अंडी राखा, मग बोलू.”

ती उडाली. केरोबा जमिनीकडे बघत बसला, सगुणा आभाळाकडे. केरोबाने मुंगूस हाकललं. सगुणेने ससाण्यावर पदर उडवला. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही.

टिटवी परत आली, अंडी बघितली आणि अंग फुगवून बसली. “एकट्याला सांगून उपयोग नसतो, म्हणून कधी कोणाला सांगितलं नाही,” ती म्हणाली. “ऐका. मागल्याला ठसा नाही. त्याला ठसा उमटवायला लावा. मागल्याला पुढे ठाऊक नाही. त्याला पुढे चालायला लावा. मागल्याला उशीर होत नाही. त्याला उशीर करायला लावा. उशीर झाला की तो पहारेकरी राहत नाही.”

“मग काय होतो?” सगुणेने विचारलं.

“मग राहतच नाही,” टिटवी म्हणाली. “आणि त्याच्याजवळ जे आहे तेही राहत नाही. शीळसुद्धा. ते आधी ऐकून घे, बाई. नंतर मला शिव्या देत येऊ नकोस.”

सगुणा नदीच्या पलीकडे रानाकडे बघत उभी राहिली. केरोबानेही घाई केली नाही. मग तिने कमरेचा कोयता घट्ट खोचला आणि म्हणाली, “चला, भावजी.”

केरोबा पुढे, सगुणा मागे. पहिल्या थांब्याला तिने शीळ ठरवली ती कोंबड्याच्या आरवण्यासारखी. केरोबाला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. पुढच्या थांब्याला वासराला बोलावतात तशी. रान शांत होतं. माकड नव्हतं, मोर नव्हता. झाडांच्या मुळांशी इथे एक पागोटं, तिथे एक तुटका पट्टा, कुठे पानांखाली एकच वहाण. ज्यांचं होतं त्यांची नावं दोघांनाही माहीत होती. त्यांनी ती घेतली नाहीत.

हिरोजीच्या वहाणा जिथे सापडल्या होत्या तिथे ते पोचले. सगुणेने पदराआडून त्या काढल्या आणि एकीला एक लावून वाटेवर ठेवल्या. दोघे पुढे निघाले.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. कर्र. मग काही नाही. मग पुन्हा कर्र. हिरोजीच्या डाव्या वहाणेचा तळ करकरत असे. ज्याची शीळ ठेवून घेतली, त्याच्या वहाणाही मागल्याला हव्याशा वाटल्या होत्या. पुढे ओढ्याची ओल होती. चिखलात पाय रुतावा आणि ओढून काढावा, तसा आवाज दोघांनी ऐकला. पहिलं काम झालं होतं. कोणी वळून पाहिलं नाही.

मग हिरोजीची शीळ आली. सगुणेच्या अगदी पाठीशी.

सगुणेने आपली शीळ घातली, फुंकणीतली, वाऱ्याने भरलेली. केरोबाने उत्तर दिलं. चालणं चालू राहिलं. सगुणेची शीळ, केरोबाचं उत्तर, आणि त्यांच्यामध्ये ती जुनी शीळ, जराही न चुकता. थांबे जवळ जवळ येऊ लागले. प्रत्येक थांब्याला सगुणा हळूच नवी शीळ सांगे, आणि दर वेळी मागला ती आधीपेक्षा लवकर शिके.

सूर्य डोक्यावर येत होता. शीळ आली. केरोबाने उत्तर द्यायला ओठ जुळवले आणि तो तसाच थांबला. शीळ नुकती ठरलेली नवीच होती, पण स्वच्छ होती. तिच्यात वारा नव्हता.

“सगुणा,” तो म्हणाला.

उत्तराला तीच शीळ आली. वेळेवर.

केरोबाने आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. तो वळला.

सगुणा उभी होती. ती त्याच्या आधीच वळली होती आणि तिची पाठ केरोबाकडे होती. तिच्यासमोर चिखलात हिरोजीच्या वहाणा होत्या, आणि तिथून आता हिरोजीची जुनी शीळ येत होती. वहाणांत कोणी नव्हतं, पण त्या दाबलेल्या होत्या, माणूस उभा असावा तशा. तिने एक हात पुढे केला होता. मागल्याला पाठ हवी असते. तिने त्याला तोंड दाखवलं होतं, म्हणून ती अजून होती.

“भावजी, ते आहेत,” ती म्हणाली.

“वहाणा आहेत.”

“शीळ त्यांची आहे.”

“हो,” केरोबा म्हणाला. “शीळ त्याचीच आहे.”

वहाणा हलल्या. त्या बाजूला सरकून तिच्या मागे जाऊ पाहत होत्या. सगुणा त्यांच्याबरोबर फिरली. त्या पुन्हा सरकल्या, ती पुन्हा फिरली. चिखलात ठशांचं एक कडं उमटलं. अंग नसलेला मागला वाऱ्यासारखा असे. वहाणा घातलेल्या मागल्याला पाय उचलावे लागत होते.

“ही शीळ गेली तर माझ्याजवळ काही राहणार नाही,” सगुणा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय असं सांगावं तसा.

“माझ्याजवळही,” केरोबा म्हणाला. “पण तो रोज इथे कोणाच्या तरी मागे चालतोय, सगुणा. त्याला घरी जाऊ दे.”

ती फिरत राहिली. वहाणा फिरत राहिल्या. मग तिने पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

केरोबाने वर पाहिलं. सूर्य डोक्यावर होता. त्या दिवशी याच वेळी हिरोजी मागे गेला होता. त्यानंतर जागा बदलायच्या राहिल्या होत्या.

“हिरोजी,” तो म्हणाला, “दुपार झाली. आता तू पुढे हो. पाठ मी राखतो.”

आणि त्याने जुनी शीळ घातली. लहानपणी दोघांनी रानदेवीसमोर ठरवलेली, पाठीराख्याची. मी आहे, मागे सगळं ठीक आहे.

वहाणा थांबल्या. मग एक उचलली गेली, दुसरी उचलली गेली, आणि त्यांचे अंगठे रानाच्या बाहेर जाणाऱ्या वाटेकडे वळले. टाचा सगुणेकडे, टाचा केरोबाकडे. पाठ राखलेला माणूस चालू लागतो, तशा त्या चालू लागल्या.

दुसरं काम झालं होतं. केरोबा मागून निघाला. त्याच्या बाजूने, जरा मागे, सगुणा. तो झाडं पाहत होता, कडे पाहत होता, कपारी पाहत होता, जसं पाहायला हवं तसं. थोड्या वेळाने त्याने शीळ घातली.

पुढून लगेच उत्तर आलं.

कर्र, कर्र, वहाणा चालत होत्या. ओढा गेला. पागोटं गेलं, तुटका पट्टा गेला. केरोबाने पुन्हा शीळ घातली. लगेच उत्तर आलं. पुन्हा घातली, पुन्हा लगेच आलं. सगुणा चालता चालता पुढच्या वहाणांना हळूच म्हणाली, “छप्पर शाकारून झालं. तुम्ही काळजी करू नका.” आणि थोड्या वेळाने, “माहेरी मी गेलेच नाही.”

पुढे एका मोहाच्या झाडापाशी वहाणा थांबल्या. केरोबाने शीळ घातली.

उत्तर आलं नाही.

दोघे थांबले. वहाणांचे अंगठे जरासे वर, झाडाकडे उचलले गेले होते, फांद्यांत काही आहे का ते कोणी बघत असावं तसे. आणि मग, उशिरा, अगदी हिरोजीच्या नेहमीच्या उशिराने, शीळ आली.

“बघत होता,” केरोबा म्हणाला. तिसरं काम झालं होतं.

वहाणा पुन्हा चालू लागल्या. अजून त्या करकरत होत्या, पण ओझं कमी झाल्यासारख्या. रानाची कड दिसली, तिच्यापलीकडे ऊन. केरोबाने शीळ घातली. वहाणा उन्हात दोन पावलं गेल्या आणि एकीला एक लागून थांबल्या.

उत्तर आलं नाही. उशीर झाला असेल म्हणून दोघे थांबले. ऊन कलायला लागेपर्यंत थांबले. टिटवी नदीवरून एकदा ओरडून गेली. मग सगुणा वाकली आणि तिने वहाणा उचलल्या. त्या नुसत्या वहाणा होत्या.

त्याच वेळी साऱ्या रानातून, इकडून तिकडून, एकेक शीळ उठली आणि विरली. गावात ज्याने त्याने आपापली ओळखली. दिंडीतल्या पहारेकऱ्याच्या आईने सूप खाली ठेवलं आणि ती रडायला बसली. तिला आजवर रडता आलं नव्हतं.

मग पुजाऱ्यांनी घरोघरी दहावे केले. नदीवर त्या दिवशी पिंडांना कावळे कमी पडले. हिरोजीच्या पिंडाला कावळा उशिराने शिवला, आणि केरोबा आणि सगुणा यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगुणेने कुंकू पुसलं. तिला कोणी काही विचारलं नाही.

राजा वज्रसेन स्वतः गुहेपर्यंत चालत गेला. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात सोनं पोचलं. काहींनी ते घेतलं, काहींनी ओढ्यात टाकलं, आणि राजाने कोणालाच बोल लावला नाही. परत आल्यावर त्याने सिंहासन भिंतीपासून ओढून दरबाराच्या मधोमध ठेववलं. पहिले काही दिवस तो सारखा खांद्यावरून मागे बघे.

रान उघडलं. मध आला, लाकूड आलं, मोर परतले. त्या राज्यात अजूनही शिकारी दोघेच जातात. पण शीळ आता दर वेळी नवी ठरते, आणि प्रत्येक थांब्याला पुढला वळतो, पाठीराख्याचं तोंड बघतो आणि मग पाऊल उचलतो. याचा कोणाला राग येत नाही.

केरोबा आणि सगुणा यांची जोड पुष्कळ वर्षं टिकली. तिची शीळ शेवटपर्यंत सुधारली नाही आणि शेवटपर्यंत उशिराच आली. तसा उशीर झाला की केरोबा वाटेतच थांबे. आधी ऐके. मग वळून बघे. मग, ती असली की, पुढे चालू लागे.